घाट, खड्डे आणि पाव मैल: एकाच ऑक्टाव्हियाला व्हील आणि ब्रेक कुठले?

आधी प्रश्न काय आहे ते परत एकदा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. पुण्यातला मुलगा, स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), स्टेज १ रिमॅप (म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) झालेला, रोज ऑफिसला तीच गाडी, महिन्यातून दोनदा मुंबईला सासुरवाडी, आणि यंदा अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनला पाव मैल पळवायचाय. हातात दोन लाख आहेत. विचारलंय असं की "१७ इंची अलॉय घेऊ की १८, आणि पुढे बिग ब्रेक किट फोर पिस्टन टाकू की सिक्स?"

मित्रा, तू दोन प्रश्न विचारलेत पण तो मुळात एकच आहे. ब्रेक आणि व्हील वेगवेगळे निवडायचेच नसतात. ब्रेक ठरवतो की त्याच्यावर लहानात लहान कुठलं व्हील बसेल, आणि ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेत पाव मैल पळवण्यासाठी, आपल्याला हवं असतं ते लहानात लहानच. म्हणजे तू आधी मोठा ब्रेक घेतलास की १७ किंवा १८ शिवाय पर्याय उरत नाही, टायरची साइडवॉल (रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची रबराची भिंत) बारीक होते, लाँच, म्हणजे उभ्या जागेवरून सुटणं, खराब होतो, आणि मग तू म्हणणार पॉवर कमी पडते, स्टेज २ करू का. हा सगळा प्रवास मी स्वतःच्या पैशाने करून बसलोय.

माझ्याकडे पूर्वी पहिल्या पिढीची व्हीआरएस होती, १.८ टर्बोवाली, तेव्हा आमच्या वर्कशॉपला नुकतं कुठे बस्तान बसत होतं आणि डोक्यात हवा होती. एका मोठ्या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) हाती लागले, ब्रॅकेट भोसरीत टर्नरकडून करून घेतले, डिस्क मोठी टाकली, आणि नंतर बघतो तर जुनी १६ची चाकं कॅलिपरला घासतायत, बसतच नाहीत. मग १७ घेतली, तीही स्वस्तातली कॉपी, वजनाला दगड. दिसायला गाडी एक नंबर. आणि पळवली तर पहिल्या साठ फुटांचा आकडा, म्हणजे तेवढं अंतर कापायला लागलेला वेळ, आधीपेक्षा वाईट! ब्रेक मात्र छान लागायचे हां, पण ते आधीही छानच लागत होते, ही गंमत.

आता कारण नीट सांगतो, कारण नुसतं "हे घे ते नको" म्हटलं तर उद्या दुसरा कोणी उलटं सांगेल आणि तू गोंधळशील.

तुझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. लाँच करताना वजन मागे जातं आणि ओढायचं काम पुढच्या चाकांना असतं, म्हणजे जिथे ग्रिप हवी तिथूनच वजन पळून जातं. ढोबळ हिशोब करून बघ, १४५० किलो गाडी, ०.४ जी ने सुटली, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमीच्या आसपास आणि व्हीलबेस २.६८ मीटर धरला तर साधारण १२० किलो भार पुढून मागे सरकतो. अमेरिकेत मस्टँगवाले मागे १५ इंची व्हीलला उंच साइडवॉलचे ड्रॅग रेडियल लावतात आणि पुढे बारीक हलकं चाक, त्यांचे फोटो बघून आपली पोरं तसंच करायला जातात, पण त्यांची गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे त्यांच्यात वजन मागे जाणं हे वरदान आहे आणि आपल्याला ते शाप आहे. त्यामुळे त्यांच्याकडून फक्त एक गोष्ट उचलायची, की ज्या चाकाला इंजिन फिरवतं तिथे रबर जाड आणि व्हील छोटं. बाकीचं त्यांचं त्यांना लखलाभ.

साइडवॉल जाड का? तर सुटताना टायर थोडा पिळतो, जमिनीवर पसरतो, झटका एकदम न देता हळू देतो. बारीक साइडवॉलचा टायर तो झटका सरळ रबरावर टाकतो आणि चाक सुटतं. तुझ्या गाडीचा मूळ साइज २०५/५५ आर १६ (२०५ मिमी रुंद, साइडवॉल त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), बाहेरचा व्यास ६३२ मिमी. तू म्हणतोस तो २२५/४० आर १८ घेतला तर व्यास ६३७, म्हणजे गिअरिंगमध्ये काडीचा फरक नाही, पण साइडवॉल ११३ वरून ९० मिमीवर येते. बावीस-तेवीस मिलिमीटर रबर गेलं आणि त्याजागी धातू आला. हेच १६ वर २२५/५० टाकलास तर व्यास ६३१, साइडवॉल ११२.५, आणि रुंदी तेवढीच २२५ मिळते. बघ म्हणजे, रुंद टायरसाठी मोठं व्हील लागतं हा जो समज आहे तो इथेच संपतो.

वजनाबद्दल मात्र इंटरनेटवर जरा जास्तच बोंब असते. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला असलेला एक किलो हा पळवताना जवळपास दोन किलोसारखा वागतो हे खरंय, कारण तो पुढेही न्यायचा आणि फिरवायचाही. पण समजा १८चं चाक तीन किलोने जड आहे, चार चाकांचे बारा किलो, म्हणजे डिकीत वीस-बावीस किलोची गोणी ठेवल्यासारखं. नको आहे, पण त्याने जग बुडत नाही. माझ्या मते वजनापेक्षा साइडवॉल आणि टायरचं कंपाउंड याने जास्त फरक पडतो, निदान तुझ्या पॉवरच्या गाडीत तरी. खरा फरक वजनाचा पडतो तो खड्ड्यात, कारण जड चाक आणि बारीक टायर घेऊन तू कात्रज ते हिंजवडी रोज जाणार आहेस आणि रिमचा बेंड काढणाऱ्याशी तुझी घरोब्याची मैत्री होणार आहे.

आता ब्रेक. इथे लोक दोन गोष्टी एकत्र करतात, ताकद आणि उष्णता. ताकद पुरेशी आहे का ते फुकटात कळतं. मोकळ्या सुरक्षित जागी, मागे कोणी नसताना, ऐंशी-शंभरवरून पेडल पूर्ण दाब. एबीएस लागला? मग तुझ्या ब्रेकमध्ये टायरच्या ग्रिपपेक्षा जास्त ताकद आहे, सिक्स पिस्टन काय आणि साठ पिस्टन काय, गाडी त्याहून लवकर थांबणार नाही. थांबवतो तो टायर. उलट नुसतं पुढे मोठं किट टाकलं की ब्रेकचा तोल आणखी पुढे जातो, मागचे ब्रेक नावापुरते राहतात, आणि पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं पण मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल लांब जातं, पाय खोलवर जातो. किट विकणारा हे सांगत नाही.

उष्णतेचा हिशोब तर मजेशीर आहे. ड्रायव्हरसकट १५०० किलो गाडी १६० च्या वेगात असेल तर तिच्यात साधारण १.५ मेगाज्यूल ऊर्जा असते. ती सगळी ब्रेकने खाल्ली आणि त्यातली ७० टक्के पुढे गेली, पुढच्या दोन डिस्क मिळून १४ किलो धरल्या, तर डिस्कचं तापमान वाढतं साधारण दीडशे अंशांनी. बस्स. पाव मैल संपला, एकदा ब्रेक मारला, डिस्क दोनशेच्या आसपास गेली, मग तू हळूहळू परत आलास, पाऊण तास रांगेत उभा राहिलास, डिस्क थंड. यात कुठलाही धड कंपनी ब्रेक मरत नाही.

आणि आता तुझा मुंबईचा रस्ता बघ. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत साधारण पाचशे मीटर खाली उतरायचं. तेच १५०० किलो पाचशे मीटर खाली आणले की ७.३ मेगाज्यूल होतात, म्हणजे १६० वरून जवळपास पाच वेळा थांबण्याएवढी ऊर्जा. यातली बरीचशी इंजिन, टायरचा रोध आणि हवा खातात हे मान्य, पण तू डीमध्ये टाकून, पाय पेडलवर ठेवून, घरच्यांशी गप्पा मारत उतरलास तर उरलेली सगळी ब्रेकवर. वर डिस्कला थंड व्हायला वेळच नाही. त्यामुळे माझं गिऱ्हाइकांना कायम सांगणं असतं की तुमचा ब्रेक ड्रॅगसाठी निवडू नका, घाटासाठी निवडा, ड्रॅगचं त्यात आपोआप होऊन जातं. (आणि गिअर मॅन्युअल मोडमध्ये खाली घेऊन उतर रे बाबा, त्याला पैसे पडत नाहीत.)

अर्थात हे सगळं तुझ्या आजच्या गाडीपुरतं आहे. उद्या टर्बो बदललास, वेग दोनशेच्या वर गेला, किंवा ट्रॅक डेला जाऊन लागोपाठ दहा लॅप मारायला लागलास तर माझं उत्तर बदलेल. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, १६० चे २०० झाले की दीडपटीहून जास्त. गाडी कोणती हेही महत्त्वाचं, मागे ड्रम असलेली पोलो जीटी असती तर आधी मागचे ड्रम उघडून बघायला सांगितलं असतं. आणि धावपट्टीचं शेवटचं अंतर, म्हणजे फिनिशनंतर थांबायला किती जागा आहे, ते आयोजकांना विचारून घे. १६० वरून पूर्ण ब्रेक मारून गाडी कोरड्यावर ११०-१२० मीटरात थांबते पण तसं कोणी मारत नाही, आरामात ०.४ जी ने थांबलास तर अडीचशे मीटर लागतात. घाईत पूर्ण ब्रेक मारायची वेळ येऊ नये.

मग मी काय करेन? ब्रेकमध्ये तीन गोष्टी, आणि तिन्ही किटच्या तुलनेत किरकोळ. पहिलं ब्रेक ऑइल. आपल्याकडे याच्याकडे कोणी बघतच नाही, सर्व्हिसला टॉपअप केलं की झालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडचा पावसाळा तुला माहितीय. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पण पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ मध्ये हे आकडे २६० आणि १८०. उकळलं की पाइपात वाफ, वाफ दबते, पेडल जमिनीला. घाटात पेडल स्पंज होण्यामागे मी जे पाहिलंय त्यात निम्म्याहून जास्त वेळा डिस्क-पॅड ठीक होते, ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं होतं. म्हणून पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घे, चांगलं डॉट ४ किंवा ५.१. नुसतं डॉट ५ लिहिलेलं चुकूनही नको, ते सिलिकॉन असतं, वेगळी जात.

दुसरं पॅड. इथे बहुतेक ड्रॅगवाले फसतात. रेस लिहिलंय म्हणून ट्रॅकचे पॅड घेतात. ते पॅड तापल्याशिवाय चावत नाहीत, आणि तुझी डिस्क मी वर सांगितलं तशी रांगेत उभी राहून गार झालेली असणार. म्हणजे दीडशेच्या वर जाऊन पहिल्यांदा पेडल दाबलं आणि गाडी विचार करतेय थांबू का! शिवाय सकाळी सोसायटीच्या उतारावरही तेच. त्यामुळे रस्त्यासाठीचेच पण चांगल्या दर्जाचे पॅड. पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं साधारण तापमानाला घर्षण किती, दुसरं तापल्यावर किती. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. एफएफ शोध. पहिलं अक्षर जास्त घर्षणाचं आणि दुसरं कमीचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, तो घाटाला नको.

पॅड टाकले की बेडिंग कर, म्हणजे पॅड डिस्कवर बसवून घे, ऐंशीवरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरव. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभा राहिलास की पॅडचा ठसा उमटतो आणि मग स्टीअरिंग थरथरलं की लोक म्हणतात डिस्क वाकली. वाकलेली नसते, माखलेली असते. रन संपवून परत येतानाही हेच लक्षात ठेव.

तिसरं डिस्क, कंपनीच्या मापाच्याच, साध्या. भोकं पाडलेल्या नकोत, त्या भोकांपासून तडे जाताना मी पाहिलेत. तुझ्या डिस्क किमान जाडीच्या जवळ आल्या असतील तरच बदल, किमान जाडी डिस्कच्या बाहेरच्या कडेवर कोरलेली असते.

व्हीलचं म्हणशील तर माझा सल्ला ऐकून तुला वाईट वाटेल. काही घेऊ नकोस. म्हणजे दोन घे, पण जुनी. तुझी कंपनीची १६ची चार चाकं रस्त्यासाठी ठेव, त्यावर चांगले टायर टाक, भार निर्देशांक ९१ आणि व्ही म्हणजे ६१५ किलो आणि २४० पर्यंतचा वेग, त्याखाली जाऊ नकोस. आणि ज्यांनी १८ केलेत त्यांच्याकडे कंपनीची १६ची चाकं धूळ खात पडलेली असतात, ती जोडी पडेल भावात मिळते. त्या दोन चाकांवर २२५/५० आर १६ चा सेमी-स्लिक (कमी खाचांचा, चिकट रबराचा टायर), ट्रेडवेअर २०० च्या आसपासचा (हा झिजेचा आकडा, जितका कमी तितकं रबर मऊ). ६.५ इंच रुंदीच्या रिमवर २२५/५० व्यवस्थित बसतो. रस्त्यावर २०५ च घालून जायचं, तिथे जाऊन जॅकवर पुढची दोन बदलायची. व्यास ६३१ आणि ६३२, म्हणजे एबीएस आणि ईएसपीला पुढच्या-मागच्या चाकात फरक जाणवत नाही, हा मोठा फायदा. पूर्ण स्लिकच्या, म्हणजे अजिबात खाचा नसलेल्या टायरच्या, नादी लागू नकोस. ड्रॅग स्ट्रिपवर चिकट द्रावण फवारून रबर बसवलेलं असतं तशी आपली धावपट्टी नसते, साधा पृष्ठभाग, वर धूळ, त्यावर गार स्लिक तापवायचा म्हणजे बर्नआउट (गाडी उभी ठेवून चाक फिरवणं), आणि तुझा गिअरबॉक्स सात गिअरचा ड्राय क्लचवाला. तो २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि तुझं इंजिन स्टॉकलाच तेवढं देतं, रिमॅपनंतर त्याच्या वर गेलंय. त्याच्यावर बर्नआउट करणं म्हणजे क्लचला अगरबत्ती लावणं.

हवा किती, हे तिथेच कळतं. मी पुढे कंपनीच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि प्रत्येक रनला दोन-दोन पीएसआय कमी करत साठ फुटांचा आकडा बघतो, सुधारायचा थांबला की तिथेच थांबायचं, फार उतरवलं तर रेडियल टायर मधून उचलला जातो आणि ग्रिप उलट कमी होते. मागे दोन-चार जास्त ठेवतो, लोळायला हलकं जातं. छोटा कंप्रेसर बरोबर ने, परत निघताना हवा भरायला विसरून कमी हवेवर एक्सप्रेसवेला लागलेले महाभाग मी पाहिलेत.

आणि तरीही तुला नवीनच अलॉय हवे असतील, हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं, तर १६ किंवा फार तर १७, हलकं फ्लो फॉर्म्ड, आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे छाप (चाकाच्या मजबुतीच्या जपानी चाचणीच्या खुणा) बघून घे. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ बाय ११२, सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१, ईटी (चाक किती आत बसतं त्याचं माप) ४५ ते ५० च्या आसपास, चाक फेंडरच्या बाहेर येऊ देऊ नकोस. सेंटर बोअर मोठा असेल तर नीट मापाची रिंग बसव नाहीतर शंभरला थरथर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोल्ट. कंपनीच्या बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी तिरकी. गोल बोल्ट तिरक्या बैठकीत घट्ट झाल्यासारखा वाटतो पण धरतो फक्त एका कडेवर. एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी टकटक आवाज येतो म्हणून आली, टायरवाल्याने नव्या चाकांना जुनेच बोल्ट लावले होते, पाचातले तीन हाताने फिरले. गाडी तशीच नगरहून आली होती. त्यानंतर मी दुसऱ्याने बसवलेलं चाक न उघडता गाडी बाहेर सोडत नाही. नवीन चाक बसवल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कला कस आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर परत तपास.

कॅलिपर आणि स्पोकमधली जागा तपासायची सोपी युक्ती सांगतो, पोरांची खेळायची रंगीत माती घे, कॅलिपरच्या सगळ्यात फुगीर भागावर जाडसर थापून चाक बसव, हाताने एक फेरा फिरव, काढ, आणि माती कुठे किती दबली ते मोज. तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरलं तर ते चाक नको. या प्लॅटफॉर्मवर साधारणपणे ३१२ मिमी डिस्कवर १६ बसतं आणि ३४० ला १७ लागतं, पण स्पोकचा आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून माती.

कायद्याचं एका ओळीत, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल, आणि विमेवाल्यांना दोन्ही पाठ असतात. पळवायची ती फक्त कार्यक्रमात, बाणेरच्या हायवेवर नाही.

आता तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: पुढच्या डिस्कचा व्यास टेपने मोजून, डिस्कची सध्याची जाडी, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. तिसऱ्याचं उत्तर "आठवत नाही" असेल तर या शनिवारी आधी तेवढंच करून घे, टायरचं नंतर बोलू.